लॅटिन मजकुरातील ‘रेस’ या नामाचा अर्थ कसा ठरवावा

‘रेस’ या लॅटिन नामासमोर शब्दकोशात वस्तू, बाब, व्यवहार, मालमत्ता, घटना, खटला असे अनेक अर्थ दिलेले असतात. त्यांपैकी पहिलाच अर्थ उचलण्याचा मोह आवरावा आणि आधी रूप ओळखावे. लॅटिन नामांच्या पाच रूपगटांपैकी पाचव्या गटातील हे स्त्रीलिंगी नाम आहे. एकवचनात प्रथमा रेस, द्वितीया रेम, षष्ठी व चतुर्थी रेई, पंचमी रे. अनेकवचनात प्रथमा व द्वितीया पुन्हा रेस, षष्ठी रेरुम, चतुर्थी व पंचमी रेबुस. नुसते ‘रेस’ दिसल्यास ते कर्ता आहे की कर्म, एक आहे की अनेक, हे क्रियापद आणि सोबतचे विशेषण पाहूनच ठरते. संस्कृत शिकलेल्यांना येथे एक सोय आहे: संपत्ती या अर्थाचा ‘रै’ हा शब्द ‘रेस’चा सगोत्र (एकाच मूळ शब्दापासून आलेला) असून, ‘राभ्यः’च्या शेजारी ‘रेबुस’ लिहून ठेवल्यास ते रूप सहसा विसरत नाही.

यानंतर विशेषण शोधावे, कारण अर्थाचा बहुतेक भार तेच वाहते. ‘रेस पुब्लिका’ म्हणजे सर्वांच्या मालकीचा कारभार, अर्थात राज्य. ‘रेस फामिलिआरिस’ म्हणजे घरची मालमत्ता. ‘रेस मिलितारिस’ म्हणजे युद्धविद्या. ‘रेस रुस्तिका’ म्हणजे शेती. अनेकवचनी ‘रेस आद्वेर्साए’ म्हणजे संकटकाळ. सर्वाधिक चुका ‘रेस नोवाए’ या जोडीत होतात. गॉल (प्राचीन फ्रान्समधील) लोकांना ‘रेस नोवाए’ची ओढ असते असे रोमन सेनानी सीझर लिहितो, तेव्हा त्याला नवलाईच्या वस्तू अभिप्रेत नसून सत्तापालट अभिप्रेत असतो, आणि ‘नव्या गोष्टी’ असे भाषांतर केल्यास त्या वाक्यातील राजकीय आरोपच नाहीसा होतो.

विशेषण नसेल, तर ग्रंथाचा विषय पाहावा. रोमन कवी ल्युक्रेशियसच्या ‘दे रेरुम नातुरा’ या ग्रंथनामातील ‘रेरुम’ म्हणजे अस्तित्वात असलेले सारे काही. तुर्कस्तानातील अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेल्या रोमन सम्राट ऑगस्टसच्या ‘रेस गेस्ताए’मध्ये मात्र त्याने केलेली कार्ये आहेत. न्यायालयीन लेखनात हाच शब्द वादविषय दर्शवतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ११ चे ‘रेस ज्युडिकाटा’ हे तत्त्व त्याच अर्थाचे असून, अंतिम निर्णय झालेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उकरून काढता येत नाही.

‘रे वेरा’ (खरोखर) आणि ‘क्वाम ओब रेम’ (म्हणून) या ठरीव प्रयोगांत ‘रेस’चे स्वतंत्र भाषांतर करू नये, संपूर्ण पदबंधाला एकच मराठी शब्द द्यावा.