मूत्राशयाचं जुनं दुखणं: पीआरपीला ‘हो’ म्हणण्याआधी

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडं ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचं पाणी नाहीतर सब्जा घेतात. पण मूत्राशय भरत जाईल तसं ओटीपोट दुखत असेल, लघवी झाल्यावर जरा हलकं वाटत असेल, हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू निघत नसतील, तर ब्लॅडर पेन सिंड्रोमची शंका घ्यावी. यात अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेऊन काही साधत नाही.

मूत्राशयाला आतून एक बुळबुळीत संरक्षक थर असतो. तो विरळ झाला की लघवीतले क्षार आतल्या नसांपर्यंत झिरपतात. या दुखण्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं. पीआरपी (रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि स्टेम सेल यांसारख्या रिजनरेटिव्ह उपचारांचा सगळा भर हे अस्तर पुन्हा भरून आणण्यावर आहे.

सुरुवात वहीपासून करा. मिलीलीटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि तीन दिवस, रात्रीसुद्धा, प्रत्येक लघवीची वेळ, माप आणि ० ते १० मध्ये दुखणं लिहा. ठेचा, चिंच, लिंबू, चहा कधी घेतला तेही शेजारी टिपा. सारखं जावं लागतं म्हणून एप्रिल-मेच्या उन्हातही कितीतरी बाया पाणीच तोडतात. त्यानं लघवी गडद होते आणि आग वाढते. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे.

सोनोग्राफीत लघवी झाल्यानंतर किती उरते तेही मोजून घ्या. लघवीत पस सेल (पुवाच्या पेशी) आहेत पण कल्चर कोरं आहे, म्हणजे जंतू उगवले नाहीत, असं असेल तर टीबीची तपासणी टाळू नका: ओळीनं तीन दिवस पहाटेची पहिली लघवी द्यावी लागते. लघवीतून रक्त जात असेल, विशेषतः तंबाखू-बिडीची सवय असेल, तर दुर्बिणीनं आत पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. मूत्राशयाचा कॅन्सर कधीकधी अशाच दुखण्याच्या रूपात येतो. दुर्बिणीत हन्नर व्रण (या आजारात अस्तरावर दिसणारे लालसर चट्टे) दिसले तर ते जाळतात, आणि त्यानं बऱ्याच जणांना लवकर आराम पडतो.

पीआरपीच्या आधी साधा मार्ग म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिड, म्हणजे विरळ झालेल्या थराला आधार देणारं औषध. ५० मिलीत ४० मिलिग्रॅम औषध बारीक नळीनं आत सोडतात. साधारणपणे आठवड्याला एक असे चार डोस, मग महिन्याला एक. औषध किमान अर्धा तास, जमल्यास दोन तास आत राहायला हवं. गाडी चुकेल म्हणून लगेच एसटी स्टँड गाठलं की वाटेतच लघवी करावी लागते आणि डोस वाया जातो. परतीची गाडी उशिराचीच धरा.

पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) घट्ट करून, भूल देऊन, दुर्बिणीतून अस्तराखाली टोचणं. तैवानमधल्या अभ्यासांत १० मिली पीआरपी सुमारे २० जागी, महिन्याला एकदा, असं चार वेळा दिलं. काही रुग्णांचं दुखणं कमी झालं, पण अभ्यास लहान आहेत. म्हणून हा पहिला उपचार नव्हे. टोचण्याआधी ताजं कल्चर कोरं हवं, नाहीतर जंतुसंसर्ग भडकतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या प्लेटलेट्सचं काम मंदावतात, त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा. हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून कधीच बंद करू नका.

स्टेम सेलचं (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींचं) गणित वेगळं आहे. या आजारासाठी तो मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो फक्त मंजूर चाचणीत देता येतो आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी ‘पॅकेज’ सांगितलं तर सीटीआरआयचा (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. वावर गहाण टाकून या इंजेक्शनांसाठी पैसा उभा करू नका.

पीआरपीनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होणं, जळजळणं चालतं. लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या, ताप-थंडी आली किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.