तुटलेला स्टड काढताना: उद्यमबागेत नव्याने येणाऱ्या फिटरांसाठी

आयटीआयची फिटरची दोन वर्षं पुरी करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा मच्छेच्या बाजूला कामाला लागलेल्या पोरांना फायलिंग येतं, टॅप मारता येतो, लेथवरही थोडाफार हात बसलेला असतो. भोकात तुटून बसलेला स्टड, म्हणजे आट्यांचा बोल्ट, मात्र शिकताना कुणी हातात दिलेला नसतो. आणि आमच्याकडे तर तो रोज येतो. निपाणी-चिकोडीकडचे नदीकाठचे पंप, खानापूरच्या पावसात गंजलेले पॉवर टिलर, शिवाय गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांतलं ओव्हरहॉलिंगचं काम.

माझं पहिलं सांगणं एवढंच, की ड्रिल मशीनला हात लावायच्या आधी बॅटरी मारून स्टडचं तुटलेलं तोंड नीट बघा. एका बाजूला गुळगुळीत, त्यावर वळणावळणाच्या रेघा आणि उरलेला भाग खडबडीत दाणेदार असेल, तर तो हादरे खाऊन हळूहळू तुटलाय. असा तुकडा आत बहुतेक वेळा सैलच असतो. बारीक पंच कडेला तिरका धरून उलट्या बाजूने हलके ठोके दिले तरी फिरायला लागतो. जास्त आवळून पिळवटून तुटलेल्याचंही बरेचदा तसंच, कारण डोकं गेलं की ताण सुटतो. खरा त्रास देतो तो उघडताना तुटलेला. पाना लावूनही जो हलला नाही, तो आत गंजून धरलेला असतो.

त्याला गरम करण्याशिवाय पर्याय नाही. तुकडा भोकाच्या तोंडाशी असेल तर त्यावर वॉशर ठेवा, वर एक साइज मोठा नट ठेवा आणि नटाच्या आतून वेल्डिंग करा. सुरुवात स्टडवरच करायची, नटाच्या कडेला नको. या उष्णतेने स्टड फुगायला बघतो, भोवतालचं कास्टिंग त्याला फुगू देत नाही. मग थंड होताना तो आकसतो आणि आट्यांतला गंज तडकतो. म्हणून लाली जाईपर्यंत थांबा. घाईने पाणी मारू नका, वेल्ड कडक होऊन तिथंच तुटेल. नंतर पाना लावून थोडं आवळायच्या बाजूला, थोडं सोडायच्या बाजूला, असं झुलवत राहा. कुर्र असा आवाज आला की समजा सुटला. पाना रबरासारखा परत येत असेल तर हात आवरा. स्टड फिरत नाही, पिळतोय. आमच्या शॉपमधला कन्नड वेल्डर अशा वेळी मागून ‘निधान, निधान’ (हळू, हळू) म्हणत असतो, आणि त्याचं ऐकावं. नट निघून आला तरी हरकत नाही, दुसरा लावा. दर वेळच्या तापण्याने पकड ढिलीच होते.

वेल्डिंगची अर्थिंगची वायर मात्र कामाच्या जवळ लावा. लांब लावली आणि करंट बेअरिंगमधून गेला, तर स्टड निघेल पण बेअरिंग जाईल. ट्रॅक्टर असेल तर बॅटरीच्या वायरी आधी काढा.

ईझी-आऊट, म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून उलटा फिरवत घालायचा उलट्या आट्यांचा स्क्रू, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जिथं अख्खा बोल्ट फिरला नाही, तिथं त्याच्या पोटात भोक पाडून घातलेला बारीक तुकडा काय फिरवणार? तो कडक असतो, कडक म्हणून ठिसूळ. आत तुटला की साधं एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल त्यावर चालत नाही, काम स्पार्क इरोजन मशीनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर न्यावं लागतं. सैल तुकड्यासाठी ठीक आहे. तिथंही मी आधी डाव्या हाताचं, म्हणजे उलट फिरवून कापणारं ड्रिल वापरतो, भोक पाडतानाच तुकडा बाहेर येण्याची शक्यता असते.

काहीच जमलं नाही तर ड्रिल. सेंटर पंच अगदी मध्यावर बसला पाहिजे. सगळा वेळ इथंच घालवा. तुटलेलं तोंड उंचसखल असेल तर आधी ग्राइंड करून सपाट करा, नाहीतर ड्रिल मऊ बाजूला पळतं, ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये तर हमखास. ३ मिमीपासून वाढवत जा. एम१० (१० मिमीचा) स्टड असेल तर ८.५ मिमीवर, एम१२ ला १०.२ वर थांबायचं. मध्य बरोबर असेल तर आट्यांत उरलेली स्प्रिंगसारखी तार टोच्याने ओढून निघते, मग टॅप फिरवून आटे साफ. मध्य चुकला, आटे गेले, तर हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून त्यात बसवायची तारेच्या नव्या आट्यांची गुंडाळी.

नवीन स्टड बसवायच्या आधी बंद भोकातलं तेल हवा मारून काढा. तळाशी तेल राहिलं तर स्टड पिस्टनसारखा दाब देतो आणि कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

आणि काम घेतानाच गिऱ्हाइकाला हेलिकॉइलचा खर्च बोलून ठेवा, नंतर बोललात तर भांडण होतं.