८० दातांचं ब्लेड आणि जळकी फळी

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं करवतीचं मशीन, शिकायला लागले तेव्हा माझा हिशोब एकदम सोपा होता, जेवढे दात जास्त तेवढं ब्लेड भारी. मशीनसोबत आलेलं ब्लेड काही कामाचं नसतं असं ज्याच्या त्याच्याकडून ऐकलं होतं, म्हणून पहिली खरेदी थेट १० इंची ८० दातांची, आणि मोठ्या हौसेने ते चढवून दीड इंच जाड सागाची फळी उभी चिरायला घेतली. अर्ध्यावर पोचेपर्यंत धूर, जळका वास, मोटरचा आवाज बसत चाललेला, आणि मी आपली अजून जोर लावून ढकलतेय (हे तर अजिबात करू नका, फळी अडली की जोर लावायचा नसतो, का अडली ते बघायचं असतं). फळी बाहेर आली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळे पट्टे. मला वाटलं डुप्लिकेट माल मिळाला, दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोलूनही झालं. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, त्याच ब्लेडने आडवा कापलेला प्लाय आजही बघत राहावा असा येतो.

लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेच्या दिशेने आपण चिरतो आणि रेषेच्या आडवं कापतो, आणि ब्लेडच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. चिरताना लांब लांब तंतू सुटतात, ते बाहेर पडायला दोन दातांमधली खाच मोठी लागते. २४ दातांच्या ब्लेडला ती असते, ८० वाल्याला एवढीशी, मग भुसा तिथेच कोंबला जातो, घासतो, तापतो, लाकूड जळतं. आडवं कापताना उलट, तिथे तंतू तोडायचे असतात, म्हणून जास्त दात आणि दातांची टोकं एक डावीकडे एक उजवीकडे अशी तिरकी घासलेली, याला एटीबी म्हणतात. चिरायच्या ब्लेडचे दात वरून सपाट असतात आणि पुढे जास्त झुकलेले, साधारण २० अंश, त्यामुळे ते लाकूड स्वतःच ओढून घेतात. लॅमिनेट, एमडीएफ करत असाल तर टीसीजी नावाचा प्रकार बघा, त्यात एक दात कडा छाटलेला आणि पुढचा सपाट असतो, तो अशा मालात जास्त टिकतो.

सुरुवातीला एकच घ्यायचं असेल तर ४० दातांचं एटीबी. ५० दातांचं कॉम्बिनेशनही (चिरणं आणि आडवं कापणं, दोन्हीसाठीचं) चालतं, त्यात चार तिरके आणि एक सपाट असे पाच पाचचे गट असतात. पण माझं मत विचाराल तर २४ चं आणि ४० चं अशी दोन मध्यम दर्जाची घ्या, एक महागडं नको. ६० किंवा ८० वालं प्लायची कामं यायला लागली की मग.

घेताना मी आता काय बघते? आधी मधलं भोक. ५/८ इंच, २५.४ मिमी, ३० मिमी असे वेगवेगळे माप येतात, आपल्या मशीनच्या शाफ्टला घट्ट बसलं पाहिजे, थोडं ढिलं आहे चालवून घेऊ हे इथे चालत नाही. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम मशीनपेक्षा जास्त हवा. मग दाताच्या टोकाला जोडलेला कडक कार्बाईडचा तुकडा, म्हणजे टिप, किती जाड आहे, कारण प्रत्येक धारेला ती थोडी झिजते, पातळ टिपवालं ब्लेड दोनचार धारांत संपतं. भिंग घेऊन टिप बघा, चांगल्या ब्लेडची घासलेली बाजू गुळगुळीत चमकते, हलक्यावर खडबडीत ओरखडे दिसतात, आणि टिप जिथे जोडलीय तिथे बारीक खड्डे असतील तर ठेवून द्या परत.

आणि कापाची जाडी, म्हणजे ब्लेड लाकडात पाडतं त्या फटीची रुंदी! यात मी पुन्हा फसले. मशीन कमी ताकदीचं म्हणून पातळ काप घेणारं ब्लेड आणलं, २.४ मिमी वालं, नेहमीचं असतं ३.२ च्या आसपास. विचार बरोबर होता पण ब्लेडच्या मागे जे रायव्हिंग नाइफ नावाचं उभं पातं असतं ते माझ्या मशीनचं होतं २.५ मिमीचं. फळी ब्लेडमधून आली आणि त्याच्यावर जाऊन अडकली, पुढे जाईना मागे येईना, शेवटी मशीन बंद केलं आणि ब्लेड पूर्ण थांबल्यावरच फळी काढली. त्या पात्याची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापापेक्षा कमी हवी, त्याच्यावर आकडा छापलेला असतो, तो वाचून मगच ब्लेड घ्या. अडकतंय म्हणून ते काढून टाकायचं डोक्यातही आणू नका, कापलेली फाक ब्लेडवर मिटून फळी उलटी अंगावर येऊ नये म्हणून तर ते आहे.

आता धार. ब्लेड जाळायला लागलं, ढकलायला जोर लागतोय, प्लायच्या कडा उचकटतायत, की सगळे म्हणतात बोथट झालं. आधी धुऊन बघा. लाकडाचा चीक दातांच्या बाजूला चिकटून काळा थर बसतो आणि लक्षणं अगदी बोथट ब्लेडसारखीच दिसतात. प्लग काढून ब्लेड उतरवा, पसरट ताटात तेलकटपणा काढणाऱ्या साबणाच्या पाण्यात दहा पंधरा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लगेच कोरडं करा आणि पत्र्यावर तेलाचा हलका हात फिरवा. माझं एक ब्लेड मी धारेला पाठवायच्या बेतात होते, ते नुसतं धुऊन आणखी कितीतरी दिवस चाललं. सागात मात्र सिलिका असते, ती खरोखरच धार खाते, तिथे साबण काही करू शकत नाही.

घरी धार लावायची तर साधी कानस विसरा, कार्बाईडवर ती नुसती घसरते, डायमंडच लागतो. मी ६०० ग्रिटची डायमंड पट्टी वापरते, फक्त दाताच्या पुढच्या सपाट बाजूवर, पूर्ण टेकवून, प्रत्येक दाताला मोजून पाच हात. पहिल्या दाताला मार्करने खूण करायची, नाहीतर कुठून सुरू केलं ते विसरायला होतं (४० पैकी ३० व्या दाताला फोन वाजतोच). एका दाताला पाच दुसऱ्याला बारा असं झालं की दात कमीजास्त होतात आणि कापावर रेघा येतात. हे फक्त धार जागी करणं आहे, दाताचा वरचा कोन हाताने घासायला जाऊ नका. टवका उडाला असेल, टोक गोल झालं असेल तर सरळ धारवाल्याकडे, त्याच्या मशीनवर डायमंडचं चाक असतं आणि कोन नेमका धरला जातो. तुटलेली टिप नवीन जोडूनही मिळते. देताना मूळ कोन तसेच ठेवा एवढं सांगा आणि दात एकमेकांवर आपटणार नाहीत असं पुठ्ठ्यात बांधून द्या, कार्बाईड कडक असतं पण तितकंच ठिसूळ, मी एकदा ब्लेड बदलताना लोखंडी टेबलावर जरासं आपटवलं तर दोन टिपांचे कोपरे गेले, तेव्हापासून आधी टेबलावर प्लायचा तुकडा टाकते.

ते २४ वालं सध्या धारेलाच गेलंय, म्हणून या आठवड्यात चिरायची सगळी कामं बाजूला ठेवून नुसतं आडवं कापणं चाललंय.