ऑर, कॉफी की लिडस्ट्रॉम? वेगवेगळ्या काळातल्या डिफेन्समनची तुलना करताना या चुका टाळा

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगचा विषय निघाला की ऑल टाइम बेस्ट डिफेन्समन (बचावाला खेळणारा) कोण यावरून भांडण ठरलेलंच, आणि ते दरवेळी एकाच जागी अडकतं कारण एक जण पॉइंट्स (खेळाडूचे गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) मोजत असतो, दुसरा ट्रॉफ्या मोजत असतो आणि तिसऱ्याने यूट्यूबवर फक्त गोल बघितलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉइंट्स सरळ शेजारी ठेवणं. पॉल कॉफी 1985-86 मध्ये 138 पॉइंट्स, निकलस लिडस्ट्रॉम 2005-06 मध्ये 80, विषय संपला? अजिबात नाही. कॉफीच्या त्या सीझनला दर मॅचला दोन्ही टीमचे मिळून जवळपास 8 गोल व्हायचे, लिडस्ट्रॉमच्या त्या सीझनला 6 च्या थोडे वर. एवढा एक हिशोब लावला तरी कॉफीचे 138 साधारण 105-106 वर येतात, म्हणजे 58 चा फरक निम्म्याहून खाली. कॉफी तरीही पुढेच राहतो, ते मान्य करायचं, पण मग उरलेल्या पंचवीसेक पॉइंट्सच्या बदल्यात स्वतःच्या गोलसमोर कोण जास्त भरवशाचा होता हा खरा प्रश्न सुरू होतो आणि तिथे माझं मत लिडस्ट्रॉमला. तुमच्या टॉप टेनमध्ये ऐंशीच्या दशकातलेच लोक भरलेत का? मग हीच गडबड झालीये, परत मोजा.

याच्या उलटी चूक बॉबी ऑरच्या बाबतीत होते. लोक म्हणतात 1967 ला लीग 6 टीमची 12 झाली, नवीन टीम कच्च्या होत्या, म्हणून त्याचे आकडे फुगले. अरे पण कच्च्या टीम काय फक्त ऑरच्या वाट्याला आल्या होत्या का? 1970-71 मध्ये त्याचे 139 पॉइंट्स आणि त्याच सीझनला माँट्रियलच्या जे.सी. ट्रेम्बलेसारख्या चांगल्या डिफेन्समनचे 63! खेळाडू आधी त्याच्याच सीझनमधल्या लोकांशी ताडून बघा, मग दुसऱ्या काळात जा. डिफेन्समन असून ऑरने पूर्ण लीगचं स्कोअरिंग टायटल (सीझनमधले सगळ्यात जास्त पॉइंट्स) दोनदा घेतलंय (1970 आणि 1975), हे त्याच्यानंतर कुणालाच जमलेलं नाही.

नॉरिस ट्रॉफी (सीझनच्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारी) मोजताना पण जपून. ऑर 8, डग हार्वी 7, लिडस्ट्रॉम 7, ठीक आहे, पण ही ट्रॉफी सुरूच झाली 1953-54 ला आणि हार्वी 1947 पासून खेळत होता. एडी शोरकडे एकही नॉरिस नाही कारण तेव्हा ती नव्हतीच, त्याच्याकडे चार हार्ट ट्रॉफ्या आहेत, म्हणजे पूर्ण लीगचा एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) चार वेळा. शिवाय मतं देणाऱ्यांची आवडही बदलत गेली, 1984 ला रॉड लँगवे फक्त 33 पॉइंट्सवर नॉरिस घेऊन गेला आणि त्या सीझनला कॉफीचे होते 126.

प्लस-मायनसवर (साधारणपणे खेळाडू बर्फावर असताना टीमने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) तर मी एकट्यावर कधीच विसंबत नाही, त्यात अर्धी टीम बोलत असते. लॅरी रॉबिन्सन 1976-77 ला प्लस 120, पण ती माँट्रियलची टीम 80 पैकी 8 मॅच हरली होती. आणि एरिक कार्लसनने 2022-23 ला 101 पॉइंट्स करून नॉरिस घेतली ती मायनस 26 वर, कारण त्याची टीम सॅन होजे तळाजवळ होती. स्टॅनली कपचंही (लीगच्या विजेतेपदाचंही) तेच, रे बोर्कचे 1579 पॉइंट्स डिफेन्समनमध्ये आजही सगळ्यात जास्त, पण कप मिळाला 2001 ला, तोसुद्धा बॉस्टन सोडून कोलोराडोला गेल्यावर. बॉस्टनमध्ये कप नाही म्हणून तो खाली? काहीही!

आईस टाइमचे (खेळाडू मॅचमध्ये किती मिनिटं बर्फावर होता त्याचे) अधिकृत आकडे 1997-98 पासूनचे आहेत, त्यामुळे जुन्या कुणाबद्दल 'तो रोज 35 मिनिटं खेळायचा' असं कुणी छातीठोक सांगितलं तर सोडून द्या.

आणि वाद सुरू करायच्या आधी पीक (सगळ्यात भारी काळ) बघायचाय की पूर्ण करिअर ते ठरवा, नाहीतर रात्रभर बसलात तरी सुटणार नाही. ऑर गुडघ्यांमुळे 657 मॅचवर थांबला, लिडस्ट्रॉम 1564 खेळला. लिडस्ट्रॉमचं मला जास्त कौतुक यासाठी की त्याने 3 नॉरिस 2004-05 च्या लॉकआउटआधी (मालक-खेळाडू वादात तो अख्खा सीझन रद्द झाला) घेतल्या आणि 4 नंतर, म्हणजे अडवाअडवीवर कडक पेनल्टी सुरू झाली, रेड लाइन (मैदानाच्या मधली रेघ) ओलांडणारा लांब पास चालायला लागला, खेळ पार बदलला तरी हा वरच. पीकसाठी ऑर, करिअरसाठी लिडस्ट्रॉम, माझं उत्तर हे. केल मकारकडे आत्ताच दोन नॉरिस (2022, 2025) आणि एक कॉन स्माइथ (प्लेऑफचा एमव्हीपी) आहे, त्यामुळे पीकच्या यादीत त्याला घ्यायला माझी हरकत नाही, पण त्याचा जन्म 1998 चा आहे, करिअरच्या यादीत टाकायला अजून दहा वर्षं तरी थांबा.