बॅकअप सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी नेमकी सूचना कशी लिहावी

नागपुरात इतवारीतील ठोक व्यापारी असो, धरमपेठेतील सनदी लेखापाल असो किंवा महालातील छापखाना, संगणकातील माहितीची दुसरी प्रत ठेवणारे एखादे बॅकअप सॉफ्टवेअर आता बहुतेक ठिकाणी बसवलेले असते. ते तयार करणारे अभियंते अनेकदा दूरच्या शहरात किंवा परदेशात बसलेले असतात. मे महिन्यातल्या भर दुपारी वीज गेल्यावर बॅकअपचे काय होते, किंवा देवनागरीत नावे दिलेल्या फाइली परत मिळवताना कोणती अडचण येते, हे वापरणाऱ्याने कळवले नाही तर त्यांना समजण्याचा मार्ग उरत नाही. मात्र ‘सॉफ्टवेअर नीट चालत नाही, सुधारणा करा’ एवढ्याच मजकुरावरून कोणताही अभियंता काम सुरू करू शकत नाही. सूचना उपयोगी ठरावी यासाठी ती कशी तयार करावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. आधी फाइली परत मिळवून पाहाव्यात

सूचना लिहायला बसण्यापूर्वी रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत आणून पाहावे. बहुतेक जण बॅकअप पूर्ण झाल्याचे हिरवे चिन्ह पाहून थांबतात आणि मग बटणांच्या रंगांविषयी किंवा मांडणीविषयी लिहितात. माझ्या मते बॅकअप सॉफ्टवेअरची खरी परीक्षा फाइल परत मिळवतानाच होते आणि मोलाच्या सूचनाही तिथेच सुचतात. महिन्याभरापूर्वीच्या स्थितीतील एक हिशेबाची फाइल, मराठी नावाची एक फाइल, आकाराने मोठी असलेली एक फाइल आणि एक संपूर्ण फोल्डर निवडावा. हे सर्व मूळ जागी न आणता वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये आणावे, म्हणजे चालू कामावर जुनी प्रत बसण्याचा धोका राहत नाही. त्यानंतर प्रत्येक फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. हवी ती तारीख सापडायला किती वेळ लागला, शोधपट्टीत मराठी शब्द लिहिल्यावर फाइल सापडली का, फाइलीच्या मूळ तारखा टिकल्या का, याची जागच्या जागी नोंद करावी.

२. दोष आणि सूचना वेगळ्या ठेवाव्यात

सॉफ्टवेअरने ‘यशस्वी’ असे सांगितले, पण फाइल मिळाली नाही किंवा उघडली नाही, तर तो दोष आहे. तो सूचनेत मिसळू नये, स्वतंत्रपणे आणि त्याच दिवशी कळवावा. सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालते, पण आपल्या कामाला पुरत नाही, अशा वेळी सूचना करावी. आपल्याला हवी असलेली सोय नव्या आवृत्तीत आली आहे का, हेही आधी पाहून घ्यावे. तीच मागणी दुसऱ्या कोणी केलेली असल्यास नवी सूचना न करता तिच्यात आपल्या परिस्थितीची भर घालावी.

३. अडचण आधी सांगावी, उपाय नंतर

समजा, आपल्याला २०० जीबी माहिती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत पाठवायची आहे आणि जोडणीचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस आहे. सगळे सुरळीत चालले तरी पहिल्या पूर्ण बॅकअपला सुमारे २२ तास लागतात. उन्हाळ्यात नागपुरात एवढा वेळ वीज अखंड राहील याची खात्री नसते, आणि कार्यालयातला इन्व्हर्टर रात्रभर टिकेलच असे नाही. वीज गेल्यावर सॉफ्टवेअर दर वेळी पहिल्यापासून सुरू होत असेल तर तो बॅकअप कधीच पूर्ण होणार नाही. अशा वेळी ‘थांबवण्याचे बटण द्या’ असे सुचवले तर ते बटण मिळेल, पण वीज सांगून जात नसल्यामुळे अडचण तशीच राहील. त्याऐवजी काय घडते ते लिहावे आणि उपाय अभियंत्यावर सोडावा. नमुना असा:

‘विंडोज ११, सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ती. मूळ माहिती सुमारे २०० जीबी, त्यात बहुतांश पीडीएफ आणि टॅलीचा डेटा. ठिकाण क्लाउड. पहिला बॅकअप चालू असताना वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर सॉफ्टवेअरने आधी पाठवलेला भाग धरला नाही आणि सुरुवातीपासून पाठवायला घेतले. आमच्या भागात उन्हाळ्यात असे वारंवार होते. सध्या आम्ही फोल्डरांचे लहान गट करून एकेक पाठवतो, त्यासाठी एका माणसाला लक्ष ठेवावे लागते. अपेक्षा अशी की पूर्ण पोहोचलेले आणि तपासलेले भाग पुन्हा पाठवले जाऊ नयेत, अर्धवट लिहिला गेलेला भाग ओळखून तेवढाच नव्याने पाठवला जावा आणि किती काम उरले ते पडद्यावर दिसावे.’

यात आवृत्ती, घटना, परिणाम, सध्याची तात्पुरती सोय आणि अपेक्षा हे सर्व आले आहे. एका सूचनेत एकच मागणी असावी. चार मागण्या एकत्र केल्या तर त्यातली सोपी तेवढी पूर्ण होते आणि प्रकरण बंद होते.

४. देवनागरी नावांविषयी आवर्जून लिहावे

हा विषय आपल्याशिवाय दुसरे कोणी मांडणार नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने समजून घ्यावा. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येते: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असतात. विंडोज दिलेले नाव तसेच ठेवते, तर मॅकवरील जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था (डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) असे अक्षर फोडून दोन चिन्हांत साठवत असे. अशा दोन संगणकांमध्ये फाइली फिरत असतील आणि सॉफ्टवेअर नावांची तुलना चिन्हांनुसार तंतोतंत करत असेल, तर एकाच फाइलीच्या दोन प्रती तयार होऊ शकतात किंवा शोधल्यावर फाइल सापडत नाही. तेव्हा सूचना अशी करावी की तुलना आणि शोध करताना दोन्ही रूपे एक मानावीत, पण फाइल परत देताना नाव मूळ रूपातच द्यावे.

दुसरी अडचण नावाच्या लांबीची. लिनक्सवर रूढ असलेल्या एक्स्ट४ या फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचे असू शकते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत २५५ चिन्हे चालतात. पक्षकारांची नावे, खटल्याचा क्रमांक आणि तारीख असे सगळे फाइलीच्या नावात लिहिण्याची वकिलांच्या कार्यालयातली पद्धत पाहता ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि लिनक्सवर चालणाऱ्या साठवण यंत्रावर ती फाइल त्या नावाने लिहिताच येत नाही. सॉफ्टवेअरने अशा फाइली गुपचूप वगळू नयेत, त्यांची यादी ठळकपणे दाखवावी, ही मागणी रास्त आहे. सूचनेसोबत अशा नावाच्या दोन-तीन रिकाम्या नमुना फाइली जोडल्या तर अभियंत्याला अडचण स्वतःच्या संगणकावर घडवून पाहता येते.

५. कायद्याची गरज असेल तर कलमासह सांगावी

‘जुन्या प्रती जास्त काळ ठेवा’ या मागणीपेक्षा तिच्यामागचे कारण अधिक वजनदार असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपनीने हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटीखाली वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे आवश्यक आहे. त्यामुळे प्रती किती वर्षे ठेवायच्या हे ठरवता यावे आणि क्लाउडवरील प्रत कोणत्या देशात आहे ते स्पष्ट दिसावे, या दोन स्वतंत्र सूचना या आधारावर करता येतात.

६. बॅकअप अपयशी ठरल्याचा इशारा कसा मिळावा, हे मागावे

३१ जानेवारी २०१७ रोजी सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याच्या गिटलॅब या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप आधीपासूनच अपयशी ठरत होते आणि त्याविषयीचे ईमेल नाकारले जात असल्यामुळे ते कोणाला कळले नव्हते, असे उघड झाले. यावरून मागणी कशी करावी हे ठरते. अपयश आले की ईमेल यावा, एवढे पुरेसे नाही, कारण बंद पडलेला संगणक ईमेल पाठवू शकत नाही. ठरावीक दिवसांत यशस्वी बॅकअप पोहोचला नाही, तर प्रत जिथे ठेवली जाते त्या बाजूने इशारा मिळावा, असे लिहावे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातील अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. संगणक आणि त्याशेजारची बॅकअपची डिस्क एकाच वेळी पाण्यात जाऊ शकते, हे त्या पहाटेने दाखवले. दोन डिस्क आळीपाळीने वापरून एक दुसऱ्या ठिकाणी ठेवणाऱ्यांनी, सॉफ्टवेअरने डिस्क तिच्या स्वतंत्र ओळखीवरून ओळखावी, विंडोज डिस्कला देते त्या अक्षरावर (उदा. E:) अवलंबून राहू नये, असे सुचवावे.

७. मागणीची किंमत तपासावी

काही मागण्या सोयीच्या वाटतात, पण संरक्षण कमी करतात. एन्क्रिप्शनचा (माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड विसरल्यास कंपनीने तो परत मिळवून द्यावा, असे मागितले तर कंपनीजवळ किल्ली असणे अपरिहार्य होते आणि आपली माहिती आपल्यालाच वाचता येईल ही हमी उरत नाही. त्याऐवजी पासवर्ड ठरवतानाच कागदावर छापून ठेवता येईल अशी पर्यायी किल्ली मिळावी, हे मागणे योग्य ठरेल.

८. पाठवण्यापूर्वी लॉग वाचून पाहावा

सूचनेसोबत अनेकदा लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने आपल्या कामाची ठेवलेली नोंद, जोडला जातो. लॉगमध्ये फोल्डरांचे पूर्ण मार्ग असतात आणि त्यात अशिलांची नावे, पॅन क्रमांक, रुग्णांची नावे सहज येतात. लॉगच्या प्रतीतून ती काढून टाकावीत, मात्र मराठी नावासंबंधीची अडचण असेल तर बदललेले नावही मराठीच ठेवावे. कंपनी परदेशी असल्यास मजकूर सोप्या इंग्रजीत लिहावा. पडद्याचे चित्र जोडताना त्यातली खासगी माहिती झाकावी.

सूचना मान्य होऊन चाचणी आवृत्ती मिळाली, तर ती दुय्यम संगणकावर आणि माहितीच्या वेगळ्या प्रतीवरच चालवावी. जुनी आवृत्ती आणि तिने केलेले बॅकअप तोपर्यंत तसेच ठेवावेत. ज्या फाइलींपासून अडचण सुरू झाली त्याच फाइली नव्या आवृत्तीतून परत मिळवाव्यात आणि काय बदलले, काय अजून राहिले, ते पूर्वीच्याच सूचनेखाली कळवावे.