ई-रिक्षाच्या बॅटरीवरची धूळ कशी रोखावी

गळीत हंगामात सांगलीच्या रस्त्यांवर पाचटाचा भुगा आणि मातीचा धुरळा एकत्रच उडतो, मार्केट यार्डात त्यात हळदीची पूड मिसळते. कोरडी असेपर्यंत ही धूळ पाणी भरायच्या लेड-ॲसिड बॅटरीचं फारसं बिघडवत नाही. पण दवाने किंवा ॲसिडच्या बाष्पाने ओलसर झाली, की तिच्यातूनच करंट झिरपतो.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लस टर्मिनलला लावा, दुसरं झाकणावरच्या मळावरून फिरवा. आकडा हलला, तर गाडी नुसती उभी असतानाही चार्जिंग उतरतंय.

चार्जिंग संपून तासभर झाला की कामाला लागा. मेन स्विच बंद करा, अंगठी-कडं काढा, हातमोजे आणि चष्मा घाला. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडल्या की ४८ व्होल्ट होतात, पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर मोठी ठिणगी उडते. म्हणून पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. वायर काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

पाण्याच्या बुचांची झाकणं घट्ट आहेत ना, बघा. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, त्यात फडकं बुडवून पिळा आणि पुसा. ॲसिड असेल तिथे फेस येईल. फेस थांबेपर्यंत पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, शेवटी कोरडं. सोड्याचा थेंबही बॅटरीच्या आत जाता कामा नये.

टर्मिनल घासून चकचकीत करा, वायर घट्ट आवळा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. ग्रीसचा जाड थर देऊ नका, त्यालाच धूळ चिकटते आणि महिन्याभरात काळा लगदा होतो. ट्रे गंजला असेल तर खरवडून इपॉक्सी प्रायमर आणि रंग मारा. गुळगुळीत रंगावर धूळ टिकत नाही, खडबडीत गंजावर टिकते.

लिथियमचा पॅक असेल तर यातलं काहीच करू नका, तो उघडायचाही नाही. पॅकवर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलं असेल, तर त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणारच नाही अशी रचना. बाहेरून ओलसर फडक्याने पुसा, कारण कोरडं घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होऊन धूळ उलट ओढली जाते. हवेच्या छोट्या व्हॉल्व्हवर रंग, ग्रीस, टेप काहीही नको.

हंगाम असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी झाकणावर मीटर पुन्हा फिरवा.