ज्वारी, लोह आणि जेवणावरचा चहा

मागच्या फेब्रुवारीत दोन जिने चढले की धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन निघालं ९.४. बायकांचं निदान १२ तरी हवं. डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं, पाळीत किती रक्त जातं ते विचारलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चालूच ठेवायच्या. भाकरी हा गोळीला पर्याय नाही.

सासूबाई येवल्याकडच्या, म्हणजे पक्क्या बाजरीवाल्या. पण त्याच म्हणाल्या, "उन्हाळा लागलाय, बाजरी उष्ण पडेल. ज्वारी आण." मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून दोन किलो मालदांडी आणली. घरी येऊन आकडे बघितले तर हिरमोडच झाला. १०० ग्रॅम ज्वारीत लोह साधारण ४ मिलिग्रॅम, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढंच! बाजरीत ६ च्या वर. पांढऱ्या तांदळात मात्र १ सुद्धा नाही. मग पोळी होती तशीच ठेवली आणि रात्रीच्या भाताच्या जागी भाकरी आणली. फायदा असेल तर तो इथे.

दळण आठवड्यापुरतंच आणा. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. माझ्या पहिल्या चार भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या. कडकडीत पाण्यात पीठ भिजवलं, तळहाताच्या टाचेनं रगडून मळलं, तेव्हा पाचवी तव्यापर्यंत धड पोचली.

पण खरी कामाची निघाली आंबील. धान्यातलं लोह फायटेट नावाच्या घटकानं बांधलेलं असतं, अंगाला कमी लागतं. पीठ आंबवलं की ती पकड सैल होते. रात्री चार चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवा. मे महिन्यात सकाळपर्यंत आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे दिसतात. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत मला दुपारपर्यंत थांबावं लागलं. मग दोन पेले पाणी उकळून त्यात हे ओतायचं आणि गाठी होऊ न देता दहा मिनिटं शिजवायचं. वरून ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. लिंबू अगदी शेवटी, कोमट झाल्यावर, कारण क जीवनसत्त्व उकळीत जातं आणि लोह शोषायला तेच हवं. ताक मी घालत नाही. कॅल्शियम लोहाच्या आड येतं. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

मटकीसारखे ज्वारीला मोड आणून कच्चे खाऊ नका. कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

भाकरीबरोबर लोखंडी कढईतली टोमॅटो घातलेली पालेभाजी. आंबटपणानं कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३. श्रेय बहुतेक गोळ्यांचं. साठा भरायला डॉक्टरांनी त्या आणखी तीन महिने वाढवल्या.

सगळ्यात अवघड गेला तो जेवणावरचा चहा. चहातले टॅनिन लोह अडवतात, म्हणून जेवणानंतर निदान तासभर नाही. दीड वाजता घरात आल्याचा वास सुटतो, सगळ्यांचे कप भरतात. माझा अडीचला, एकटीचा.